पट्टी एका जागी, स्क्रीन कितीही: रिॲक्टिव्ह पद्धतीने ॲप बांधायला सुरुवात करताना

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की नाशिकमध्ये पहिला प्रश्न एकच असतो: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? पायाशी, कमरेला, की छातीला? रामकुंडाजवळच्या त्या मूर्तीवरून गाव पुराचा अंदाज बांधतं. भांडीबाजारातला दुकानदार त्या हिशेबाने माल वर चढवतो, घाटावरचे टपरीवाले टपऱ्या हलवतात, सराफ बाजारातली मंडळी घरी फोन करतात. धरणावरच्या अभियंत्याला यातल्या कोणाचंही नाव माहीत नसतं. दरवाजा किती उघडायचा एवढंच तो ठरवतो, बाकीचं त्या एका आकड्यामागोमाग घडत जातं.

रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंगची कल्पना हीच आहे. मूळ आकडा एका जागी बदलायचा. त्यावर जे जे अवलंबून आहे ते आपोआप बदलावं, असं नातं आधीच लिहून ठेवायचं. तुम्ही एक्सेल वापरलं असेल तर हे तुम्ही कितीतरी वेळा केलेलं आहे. १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्कपासून स्प्रेडशीट असंच चालतं: एका चौकटीत आकडा बदला, बेरीज स्वतःच बदलते. कोनाल एलियट आणि पॉल हुडाक यांनी १९९७ मध्ये ॲनिमेशनसाठी हीच कल्पना शास्त्रशुद्ध मांडली, आणि २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट (वेबच्या स्क्रीन बांधायचं साधन) सर्वांसाठी खुलं केल्यावर ती स्क्रीन बांधणाऱ्यांच्या रोजच्या कामात आली. आज स्विफ्टयूआय, जेटपॅक कंपोज, फ्लटर या ॲपच्या स्क्रीन बांधायच्या साधनांचा पाया हाच आहे.

हा लेख फ्लटरवर आहे, कारण एकाच कोडमधून अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा सगळ्यांसाठी ॲप तयार होतं, आणि आपल्याकडे गिऱ्हाईक नेमकं तेच मागतं. मालकाला फोनवर हवं असतं, दिवाणजीला टेबलावरच्या संगणकावर. उदाहरण म्हणून कांद्याच्या हिशेबपट्टीचं छोटं ॲप घेऊ. लासलगाव, पिंपळगाव, निफाड या पट्ट्यातल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. तरी नव्यांसाठी सांगतो: लिलावात भाव ठरतो, मग गाडी भुईकाट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा मोजतात, फरक म्हणजे मालाचं वजन. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली (चढ-उताराची मजुरी), तोलाई (वजन करण्याची मजुरी) अशी कपात असेल तर ती वजा, आणि उरलं ते शेतकऱ्याच्या हाती. हा हिशेब ज्या कागदावर लिहून देतात ती पट्टी.

आधी कागद

संगणक उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि दोन रकाने आखा. डावीकडे माणूस टाइप करणार आहे ते: भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव, हमालीचा दर, तोलाईचा दर. उजवीकडे त्यातून निघणारं: मालाचं वजन, एकूण रक्कम, कपात, हाती येणारी रक्कम. आता बाण काढा. रिकाम्या वजनातून मालाच्या वजनाकडे, तिथून रक्कम आणि कपात दोन्हींकडे, आणि त्या दोन्हींतून शेवटच्या आकड्याकडे.

एक नियम, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा: डाव्या रकान्यातलं तेवढंच साठवायचं. उजव्या रकान्यातलं काहीही साठवायचं नाही, लागेल तेव्हा मोजायचं.

हा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या पहिल्या पट्टीच्या ॲपमध्ये मी रक्कम वेगळी साठवली होती आणि छपाईच्या स्क्रीनवर तिची प्रत पाठवत होतो. एका दुपारी रिकामं वजन १,७५० ऐवजी १,५७० टाइप झालं. दिवाणजींनी चूक लगेच दुरुस्त केली, मुख्य स्क्रीनवर आकडा बदलला, पण छापील पट्टीवर जुनीच रक्कम गेली. १८० किलोचा फरक, १,६५० रुपये क्विंटलने २,९७० रुपये. शेतकरी त्या पट्टीच्या भरवशावर बाजार करून बसलेला. तो वाद मिटवायला संध्याकाळ झाली, आणि चूक सर्वस्वी माझ्या कोडची होती. एकच गोष्ट दोन जागी ठेवली की कधीतरी त्या दोघींचं जमेनासं होतं.

तयारी

फ्लटर एसडीके (फ्लटरचा मूळ साधनसंच) आणि व्हीएस कोड हा संपादक उतरवून घ्या. टर्मिनलमध्ये फ्लटर डॉक्टर ही आज्ञा दिली की काय कमी आहे ते तो स्वतः सांगतो. विंडोजवर नवे लोक ज्या दोन जागी अडकतात त्या सांगून ठेवतो. पहिली: विंडोजचं ॲप बनवायला व्हीएस कोड पुरत नाही, व्हिज्युअल स्टुडिओ हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि ते बसवताना सी प्लस प्लसच्या डेस्कटॉप डेव्हलपमेंटचा भाग निवडावा लागतो. दुसरी: फ्लटरच्या फोल्डरच्या वाटेत मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरं नकोत. संगणकावर तुमच्या खात्याचं नाव मराठीत असेल तर थेट सी ड्राइव्हमध्ये साधं इंग्रजी नावाचं फोल्डर करा. आयफोनसाठी ॲप बांधायला मॅक लागतोच, तो नसेल तर सध्या तो विषय बाजूला ठेवा.

इम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारा नकली फोन, साध्या लॅपटॉपला जड जातो. सुरुवातीला ॲप डेस्कटॉपच्या खिडकीतच चालवा, आणि फोनवर बघायचं झालं की केबलने खरा फोन जोडा.

पट्टीचं स्टेट

स्टेट म्हणजे ॲपने या क्षणी लक्षात ठेवलेली माहिती, आपल्याकडे डावा रकाना. त्याचा एक क्लास, म्हणजे माहितीचा साचा, करा. त्याला पट्टी म्हणू. त्याची सगळी फील्ड (साच्यातले रकाने) फायनल ठेवा, म्हणजे एकदा तयार झालेली पट्टी कोणी आतून बदलू शकणार नाही. बदल करायचा तर जुन्या पट्टीवरून नवी पट्टी बनवायची. त्यासाठी कॉपीविथ नावाची एक पद्धत लिहितात: हिला एवढं रिकामं वजन दे, बाकी सगळं जसंच्या तसं.

उजवा रकाना याच क्लासमध्ये गेटर म्हणून लिहा. गेटर काही साठवत नाही, विचारलं की मोजून उत्तर देतो. मालाचं वजन म्हणजे भरलेलं वजा रिकामं. रक्कम म्हणजे मालाचं वजन गुणिले भाव. कपात म्हणजे मालाचं वजन गुणिले हमाली आणि तोलाईच्या दरांची बेरीज. हाती म्हणजे रक्कम वजा कपात. चार गेटर, चार ओळी, आणि त्या ओळी तुमच्या कागदावरचे बाणच आहेत.

इथे पैशांबद्दल थोडं थांबतो. फ्लटरच्या डार्ट या भाषेत, आणि बहुतेक भाषांमध्ये, दशांश आकड्यांचा हिशेब काटेकोर नसतो. शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज केली तर शून्य पूर्णांक तीनच्या पुढे बऱ्याच शून्यांनंतर एक चार उगवतो. हिशेबाच्या ॲपला हे चालणार नाही. बाजाराच्या मोजमापातच याची सोपी सोय दडलेली आहे: क्विंटलला जितके रुपये, किलोला तितकेच पैसे. भाव १,६५० रुपये क्विंटल म्हणजे १,६५० पैसे किलो. म्हणून वजन किलोत आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांकांत ठेवा. रुपये आणि दोन दशांश स्थळं फक्त दाखवताना.

मोजून बघू. भरलेली पिकअप ३,५९० किलो, रिकामी १,७५०, माल १,८४० किलो. भाव १,६५० घेतला की ३०,३६,००० पैसे, म्हणजे ३०,३६० रुपये. हमाली क्विंटलला ८ आणि तोलाई ४ रुपये मानली (हे दर उदाहरणापुरते आहेत) तर कपात २२० रुपये ८० पैसे. हाती ३०,१३९ रुपये २० पैसे. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

लिलावात भाव आधी ठरतो आणि वजन नंतर होतं, त्यामुळे अर्धी भरलेली पट्टी ही रोजचीच गोष्ट आहे. वजन यायचं असेल तेव्हा तिथे शून्य ठेवू नका, नल (किंमतच नाही) ठेवा. शून्य किलो आणि "अजून मोजलं नाही" यांत फरक आहे. गेटरनेही मग नल द्यावा आणि स्क्रीनने "वजन बाकी" दाखवावं. छपाईचं बटण चालू की बंद हासुद्धा उजव्या रकान्यातलाच आकडा समजा: दोन्ही वजनं आणि भाव आहेत, आणि रिकामं वजन भरलेल्यापेक्षा कमी आहे, तरच चालू. बटण कुठून चालू करायचं आणि कुठून बंद हे दहा जागी लिहायची गरज उरत नाही.

स्टेट आणि स्क्रीन जोडताना

पट्टी एका व्हॅल्यूनोटिफायरमध्ये ठेवा. ही फ्लटरची सर्वांत साधी रिॲक्टिव्ह पेटी: आत एक किंमत असते, आणि ती बदलली की ऐकणाऱ्यांना निरोप जातो. स्क्रीनवर ज्या भागाला पट्टी हवी तो भाग व्हॅल्यूलिसनेबलबिल्डरमध्ये गुंडाळा. पट्टी बदलली की तेवढाच भाग पुन्हा बांधला जातो. "या लेबलमध्ये अमुक मजकूर टाक" अशी आज्ञा तुम्ही कुठेही देत नाही. पट्टी अशी असेल तर स्क्रीन अशी दिसेल, एवढंच वर्णन करता.

नव्या माणसाचा पहिला मोठा गोंधळ इथेच होतो. दिवसभराच्या पट्ट्यांची यादी नोटिफायरमध्ये ठेवली, तिच्यात ॲड करून एक पट्टी घातली, आणि स्क्रीन ढिम्म. कोड तपासला, यादीत पट्टी दिसते, स्क्रीनवर नाही. कारण असं की नोटिफायर पेटीकडे बघतो, पेटीतल्या वस्तूच्या पोटात डोकावत नाही. यादी तीच आहे, म्हणून त्याच्या लेखी काही बदललेलंच नाही. जुन्या यादीतलं सगळं आणि नवी पट्टी मिळून नवी यादी बनवा आणि ती पेटीत ठेवा, निरोप लगेच जाईल. फायनल फील्डचा आग्रह मी वर धरला तो यासाठीच. वस्तू आतून बदलताच येत नसेल तर ही चूक करायला जागाच राहत नाही.

दुसरा गोंधळ जरा खोलातला आहे. समजा तुम्ही भरलेल्या वजनाला एक नोटिफायर आणि रिकाम्या वजनाला दुसरा दिलात. नवी गाडी आली, आधी पहिला बदलला, मग दुसरा. त्या दोन ओळींच्या मध्ये क्षणभर नव्या गाडीचं भरलेलं वजन आणि जुन्या गाडीचं रिकामं वजन एकत्र येतं, आणि कधीच अस्तित्वात नसलेला आकडा मोजला जातो. स्क्रीनवर तो दिसलाही नसता, पण त्या निरोपावर तुम्ही नोंद साठवत असाल तर तो वहीत जातो. एकत्र बदलणाऱ्या गोष्टी एकाच वस्तूत ठेवा आणि ती वस्तू एका झटक्यात बदला.

तिसरा: एक निरोप ऐकून त्याच पेटीत पुन्हा लिहिणं. किलो बदलला की क्विंटल बदल, क्विंटल बदलला की किलो बदल, असं लिहिलंत तर दोघं एकमेकांना हाका मारत राहू शकतात. मूळ एकच ठरवा, किलो. क्विंटल ही फक्त दाखवायची तऱ्हा.

टाइप करण्याची चौकट

टेक्स्टफील्ड हा या सगळ्यात वेगळा प्राणी आहे. कर्सर कुठे आहे, कोणतं अक्षर अर्धवट आहे, हे त्याचं स्वतःचं स्टेट असतं. प्रत्येक निरोपाला त्याच्या कंट्रोलरमध्ये (चौकटीतला मजकूर सांभाळणाऱ्या वस्तूत) मजकूर पुन्हा भरलात तर कर्सर उडतो, आणि मराठी कीबोर्डवर जोडाक्षर जुळत असताना मध्येच तुटतं. म्हणून प्रवाह एकाच दिशेने ठेवा: चौकटीतून पट्टीकडे. चौकटीत मागून मजकूर भरायचा तो फक्त जुनी पट्टी उघडताना, एकदाच.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी धड्यांत सापडणार नाही. आपला माणूस मराठी कीबोर्डवरून १७५० असं देवनागरीत लिहितो. डार्टचं इंट ट्रायपार्स, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा, फक्त इंग्रजी आकडे ओळखतं आणि देवनागरी दिसले की नल देतं. स्क्रीनवर मग "वजन बाकी" येत राहतं आणि बिचाऱ्याला कळत नाही की आपण तर लिहिलंय. पार्स करण्याआधी देवनागरीच्या दहा आकड्यांना इंग्रजी दहा आकडे लावा, स्वल्पविराम काढा. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता कोणालाही ॲप देऊ नका.

काळ मध्ये आला की

आतापर्यंत सगळं तिथल्या तिथे होतं. शेतकऱ्याचं नाव सर्व्हरवर शोधायचं म्हटलं की वेळ आडवी येते, आणि तिथे स्ट्रीम लागते. स्ट्रीम म्हणजे एकामागून एक येणाऱ्या निरोपांची रांग.

दिवाणजी "शिंदे" टाइप करतात. कीबोर्डवरच्या प्रत्येक टिचकीला सर्व्हरकडे विचारणा गेली तर एका नावाला अनेक विचारण्या जातात, आणि बाजार समितीच्या आवारात नेटवर्कचा भरवसा नसल्याने "शि"चं उत्तर "शिंदे"च्या उत्तरानंतर येऊ शकतं. वर शिंदे लिहिलंय आणि खाली शिरसाठांची यादी. यावर दोन उपाय एकत्र करायचे. पहिला डिबाउन्स: बोटं थांबल्यावर तीनशे मिलिसेकंद वाट बघ, मगच पुढे पाठव. दुसरा स्विचमॅप: नवी विचारणा निघाली की जुनीचं उत्तर आलं तरी टाकून दे. डार्टच्या मूळ स्ट्रीममध्ये हे दोन्ही तयार मिळत नाहीत, आरएक्सडार्टसारखं पॅकेज जोडावं लागतं. मायक्रोसॉफ्टमध्ये सुरू झालेली आरएक्सची ही परंपरा नेटफ्लिक्सने आरएक्सजावाच्या रूपाने पुढे नेली, त्यामुळे हे शब्द एकदा शिकलात की दुसऱ्या भाषांतही कामाला येतात.

स्ट्रीम स्क्रीनला जोडायला स्ट्रीमबिल्डर असतो. त्यात तीन अवस्था हाताळा: अजून काही आलं नाही, आलं, आणि चूक झाली. तिसरी बहुतेक जण विसरतात. स्ट्रीम कधीही बिल्डच्या, म्हणजे स्क्रीन बांधणाऱ्या पद्धतीच्या, आत तयार करू नका. बिल्ड कितीही वेळा चालतं, दर वेळी नवी स्ट्रीम बनते आणि स्क्रीन लुकलुकत राहते. ती इनिटस्टेटमध्ये, म्हणजे स्क्रीन सुरू होताना एकदाच चालणाऱ्या पद्धतीत, बनवा.

जे उघडलं ते डिस्पोजमध्ये, म्हणजे स्क्रीन बंद होताना चालणाऱ्या पद्धतीत, बंद करा: सबस्क्रिप्शन (स्ट्रीम ऐकण्याची नोंदणी), कंट्रोलर, नोटिफायर. नाही केलंत तर स्क्रीन दहा वेळा उघडून बंद केल्यावर दहा जुने श्रोते मागे राहतात आणि भावाच्या एका निरोपाला एकच काम दहा वेळा होतं. ॲप दुपारनंतर हळू होतं अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी इथे बघतो.

हॉट रिलोडची एक खोड लक्षात असू द्या. कोड सेव्ह केला की बदल लगेच दिसतो, पण स्टेट जुनंच टिकतं आणि इनिटस्टेट पुन्हा चालत नाही. सुरुवातीची किंमत बदलूनही काही दिसत नसेल तर हॉट रिस्टार्ट करा, म्हणजे स्टेट नव्याने सुरू होईल.

फोन आणि टेबल

स्टेट वेगळं ठेवल्याचा फायदा इथे हातात पडतो. लेआउटबिल्डरने रुंदी विचारा. सहाशे लॉजिकल पिक्सेलपेक्षा (फ्लटरचं रुंदीचं माप) कमी असेल तर एका वेळी एक पट्टी, जास्त असेल तर डावीकडे दिवसाची यादी आणि उजवीकडे उघडलेली पट्टी. पट्टीच्या क्लासला यातलं काहीच कळत नाही, कळायची गरजही नाही. डेस्कटॉपवर मात्र दिवाणजी माऊसला हात लावत नाहीत. टॅबने पुढची चौकट, एंटरने नवी पट्टी, हे पहिल्या दिवसापासून द्या. लांब यादीला लिस्टव्ह्यू बिल्डर वापरा, म्हणजे दिसतात तेवढ्याच ओळी बांधल्या जातात. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला सोळा मिलिसेकंद मिळतात, आणि पाचशे ओळी एकदम बांधल्या तर त्या वेळेत बसत नाहीत.

चाचणी

वर लिहून ठेवलेला आकडा आता काढा. स्क्रीनशिवाय, नुसती पट्टी बनवणारी एक चाचणी लिहा: ३,५९०, १,७५०, १,६५०, ८ आणि ४ दिले की हाती ३०,१३,९२० पैसे आले पाहिजेत. मग रिकामं वजन १,५७० करून पाहा, परत १,७५० करा आणि तोच आकडा येतो ना बघा. आणखी दोन चाचण्या हव्यात: वजन नसताना हाती नल, आणि रिकामं वजन जास्त असताना छपाई बंद.

हे झालं की एक बदल करून बघा: कपातीत वाराई या आणखी एका आकाराचा दर जोडा. पट्टीच्या क्लासमध्ये एक फील्ड आणि कपातीच्या गेटरमध्ये एक पद वाढेल, स्क्रीनवर टाइप करायला एक चौकट वाढेल. रक्कम दाखवणाऱ्या, छापणाऱ्या किंवा यादी लावणाऱ्या कोडला हात लावावा लागला, तर तिथे कुठेतरी उजव्या रकान्यातला आकडा साठवून ठेवलेला आहे. तो शोधा आणि काढून टाका.